ड्रॅगन चालतो, पण उडी किती फुटांची?

माणसाची कल्पनाशक्ती अफाट असते असं म्हणतात. असेलही, पण दुसऱ्याच्या कल्पनेवर हरकत घेण्याची त्याची शक्ती त्याहून अफाट असते. शनिवारी रात्री पाच-सहा शिकलीसवरलेली माणसं एका टेबलाभोवती बसतात. समोर ड्रॅगन आहे, हे सगळ्यांना मान्य. तो आग ओकतो, मान्य. सोन्याच्या ढिगावर झोपतो आणि जाग आली की माणसांसारखं बोलतो, तेही मान्य. एवढ्यात एकजण म्हणतो, "मी खंदकावरून पलीकडे उडी मारतो," आणि बाकीचे एकदम ताठ होतात. खंदक किती फुटांचा? पळत येऊन मारणार की उभ्या उभ्या? अंगात चिलखत आहे ना? आणि खांद्यावरचा तो दोर मघाशी नदीत भिजलाय, त्याचं वजन कोण धरणार?

ड्रॅगनच्या वजनाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. एवढं धूड तेवढ्याशा पंखांवर उडतं कसं, हा प्रश्न भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यालाही पडत नाही. दोराचा पडतो.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात आणि त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. एकजण डीएम होतो, म्हणजे डन्जन मास्टर. गुहा, राजवाडे, राक्षस, दारूच्या गुत्त्याचा मालक, हे सगळं जग तो तोंडानं उभं करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी नुसताच कुऱ्हाडवाला. आपण काय करतोय ते सांगायचं आणि जमेल की नाही याची शंका असली तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. बस्स, एवढंच. या 'बस्स, एवढंच'चं खेळाडूंसाठीचं पुस्तक २०२४ च्या आवृत्तीत ३८४ पानांचं आहे. डीएमसाठी वेगळं आणि राक्षसांसाठी वेगळं. राक्षसांनी ते वाचलेलं नसतं, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

ठाण्यात ज्याच्या घरी आमचा अड्डा जमतो, त्याच्या आईनं एकदा चहाचा ट्रे टेकवता टेकवता विचारलं, "काय रे, कोण जिंकलं?"

"काकू, यात कुणी जिंकत नाही."

"बरं, मग हरलं कोण?"

"कुणी हरतही नाही."

काकूंनी टेबलावरच्या पुस्तकाची जाडी दोन बोटांत धरून पाहिली. "जिंकायचं नाही, हरायचं नाही, मग एवढे नियम कशाला? आमच्या रमीत पैसे लागलेले असतात, तरी पुस्तक नाही लागत."

आम्ही चहा प्यायलो. उत्तर कुणाकडेच नव्हतं. पण काकूंनी सहज विचारलेल्या या प्रश्नावर जगात दीडशे वर्षं भांडण चालू आहे, आणि ते सुरू केलं ते आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी नव्हे, तर प्रशियाच्या लष्करानं.

१८२४ मध्ये रायस्वित्झ नावाच्या एका तरुण प्रशियन अधिकाऱ्यानं वडिलांनी सुरू केलेला युद्धखेळ सुधारून लष्करापुढे मांडला. नाव 'क्रीगस्पील'. १:८००० प्रमाणाचा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, गोळीबाराचा परिणाम ठरवायला फासे आणि कोष्टकं, आणि मधे एक पंच. खेळाडूनं हुकूम द्यायचा, पंचानं काय घडलं ते सांगायचं. आमच्या डीएमचा हा खापरपणजोबा. सेनाप्रमुखांना खेळ आवडला आणि तो पलटणींमध्ये पोहोचला. पुढे जे व्हायचं तेच झालं. कोष्टकांना कोष्टकं फुटली. घोडदळ चढावर किती वेगानं, उतारावर किती, थकलेलं असेल तर किती. लढाई दोन मिनिटांची आणि तिचा हिशेब अर्ध्या तासाचा.

मग १८७६ साली यूलियुस फॉन वेर्डी द्यू वेर्नोआ नावाच्या अधिकाऱ्यानं सांगितलं की फासे नकोत आणि कोष्टकंही नकोत. पंच अनुभवी असेल तर काय होईल ते तोच सांगेल. याला 'मुक्त क्रीगस्पील' म्हणू लागले. खेळ एकदम पळायला लागला आणि लगोलग दुसरी कुरकुर सुरू झाली: पंचाच्या लहरीला आवर कोण घालणार? त्यातून पंच तुमचा वरिष्ठ असला म्हणजे संपलंच. फासा चुकला तर त्याला शिव्या घालता येतात. कर्नलसाहेब चुकले तर त्यांना सलाम घालावा लागतो.

आजही या खेळाच्या दुनियेत हेच दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सगळं लिहून ठेवा. दुसरा म्हणतो, डीएमवर सोडा. मुक्तपंथीयांचं म्हणणं ऐकायला गोड वाटतं, पण एक बारीकसा फरक ते विसरतात. वेर्डी हा १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात मुख्यालयात बसलेला माणूस. घोडदळ उतारावर कसं धावतं हे त्याला विचारण्यात अर्थ होता. आमचा डीएम सॉफ्टवेअर टेस्टर आहे आणि त्यानं घोडा पाहिलाय तो माथेरानला. त्या घोड्याचा वेग हा घोड्याचा गुण नसून मालकाचा मूड असतो. अशा पंचाच्या अनुभवावर लढाईचा निकाल सोडणं म्हणजे जरा धाडसच.

सगळं लिहून ठेवणाऱ्या पंथाचा मूळपुरुष विमा कंपनीतला निघावा, यात नवल नाही. गॅरी गायगॅक्स हा शिकागोत विम्याचे प्रस्ताव तपासायचा. कुणाला किती धोका आहे, हे आकड्यांत मांडायचं काम. ती नोकरी गेल्यावर त्यानं विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावी जोडे दुरुस्त केले आणि उरलेल्या वेळात चिमुकल्या पुतळ्यांच्या लढायांचे नियम लिहिले. डेव्ह आर्नेसन हा मिनेसोटाचा गडी त्या वेळी आपल्या मित्रांना एका काल्पनिक किल्ल्याच्या तळघरात फिरवत होता. दोघांचं जमलं आणि १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' एका पेटीत आलं. तीन चोपड्या, मिळून सव्वाशेही पानं नाहीत, पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार.

ते नियम वाचून खेळ कसा खेळायचा हे कळणं कठीण होतं. लढाईसाठी गायगॅक्सचंच 'चेनमेल' हे जुनं पुस्तक जवळ असावं अशी अपेक्षा होती, आणि रानावनात भटकायचं तर दुसऱ्याच कंपनीच्या एका खेळाचा नकाशा वापरा म्हणून सांगितलेलं. त्यामुळे प्रत्येक गावात लोकांनी आपापल्या समजुतीनं खेळ सुरू केला. अ‍ॅरिझोनातल्या केन सेंट आंद्रे नावाच्या माणसानं नियम वाचले, डोकं खाजवलं आणि १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' नावाचा स्वतःचा सोपा खेळच काढला. नेमक्या उलट दिशेनं १९७७ मध्ये 'शिव्हलरी अँड सॉर्सरी' आला. त्यात सरंजामी समाजव्यवस्था इतकी खोलात शिरून मांडली होती की तलवार उपसायच्या आधी आपण कोणत्या घराण्यात, कितवे जन्मलो याचा निवाडा व्हायचा. खेळ जन्मून जेमतेम तीनेक वर्षं झाली, तोच दोन्ही पंथ आपापले झेंडे घेऊन उभे.

गायगॅक्सनं १९७७ ते १९७९ या काळात 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीची तीन जाडजूड पुस्तकं काढली आणि विमा कंपनीतलं शिक्षण फुकट गेलेलं नाही हे दाखवून दिलं. आजार कुठल्या अवयवाला होईल, याचं कोष्टक. वेड कुठल्या प्रकारचं लागेल, याचं कोष्टक. कोणतं शस्त्र कोणत्या चिलखतावर किती चालेल, याचं कोष्टक. सामानाचं वजन मोजायचं ते सोन्याच्या नाण्यांत, दहा नाण्यांचा एक पौंड. लांब दांड्याच्या भाल्या-कोयत्यांचे तर इतके प्रकार की लोहारानंही हात जोडावेत. एका दांड्याला कोयता, दुसऱ्याला आकडा, तिसऱ्याला कोयता आणि आकडा, आणि प्रत्येकाला वेगळं फ्रेंच नाव.

तुम्ही म्हणाल, हा माणूस नियमांचा वेडा होता. तसंही नाही. त्यातल्याच डीएमसाठीच्या पुस्तकाच्या शेवटी तो बजावतो की नियमाच्या अक्षरापेक्षा खेळाचा आत्मा मोठा. आणि त्याच सुमारास एका मासिकात लिहितो की नियम बदलून खेळणारे लोक हा खेळ खेळतच नाहीत. यातलं कुठलं खरं? दोन्ही. घरी खेळताना आत्मा मोठा असतो. दूरदूरहून आलेल्या अनोळखी लोकांची स्पर्धा भरवायची आणि पुस्तकं विकायची म्हटली की अक्षर मोठं होतं. कल्पनाशक्ती पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकता येत नाही, नियम येतात.

त्यानंतरच्या काळात तपशिलाच्या हौसेला कुणी आवरलं नाही. 'रोलमास्टर'मध्ये प्रत्येक शस्त्राला स्वतंत्र कोष्टक, त्यात वीस प्रकारच्या चिलखतांचे वीस रकाने. घाव वर्मी बसला तर पुढचं कोष्टक, आणि आपलीच चूक झाली तर चुकांचं कोष्टक. या चुकांच्या कोष्टकात एक निकाल असाही आहे की तुम्ही एका न दिसणाऱ्या, काल्पनिक, मेलेल्या कासवाला अडखळलात. म्हणजे कासव नाहीच. पण कोष्टकात आहे, त्यामुळे अडखळावं लागतं. सरकारी कचेरीत गेलेल्या कुणालाही यात नवीन काही वाटणार नाही.

'हीरो सिस्टीम'च्या पाचव्या आवृत्तीचं सुधारित पुस्तक ५९२ पानांचं. ते बंदुकीची गोळी अडवील, असं चाहते गमतीनं म्हणू लागले, तेव्हा कंपनीतल्या लोकांनी खरोखरच त्यावर गोळ्या झाडून पाहिल्या. पुस्तकानं काही गोळ्या अडवल्या. नियमांनी माणसाचं संरक्षण होतं, याचा एवढा ठोस पुरावा कायद्याच्या महाविद्यालयातही मिळत नाही.

आणि या सगळ्यांच्या वरताण म्हणजे १९७९ चा 'द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका'. हा रोलप्लेइंगचा नव्हे, दुसऱ्या महायुद्धाचा पटावरचा खेळ. नात्यानं चुलत भाऊ. पूर्ण खेळायला अंदाजे दीड हजार तास, खेळाडू दहा. त्यात इटालियन तुकड्यांना वाळवंटात पाण्याचा जादा वाटा द्यावा लागतो, कारण त्यांना पास्ता उकडायचा असतो. पाणी कमी पडलं तर पास्ता नाही आणि पास्ता नाही तर लढाईचा उत्साह नाही. दीड हजार तासांत खऱ्या माणसाला काय काय करता आलं असतं याचा विचार मी करत नाही. इटालियन भाषा तरी नक्की आली असती.

बारीक नियमांच्या बाजूनं नेहमीचा युक्तिवाद असा की त्यानं खेळ 'वास्तव' होतो. हे मात्र तपासून पाहायला हवं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत उंचावरून पडलं तर दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा एवढी इजा होते, जास्तीत जास्त वीस फासे. म्हणजे दोनशे फुटांवरून पडा की ढगातून पडा, भाव एकच. वरच्या पातळीचा दांडगा योद्धा विमानातून पडला तरी उठून पँट झटकतो आणि विचारतो, "बरं, पुढे?"

त्याहून जुन्या साडेतीनाव्या आवृत्तीत (होय, आवृत्त्याही अपूर्णांकात असतात) मांजरीला दोन पंजे आणि एक चावा असे तीन हल्ले होते, आणि प्रत्येक हल्ल्यानं किमान एक इजा व्हायचीच. साध्या गावकऱ्याचा जीव एक ते चार अंकांचा. म्हणजे घरातली मांजर रागावली तर कर्ता पुरुष दोन फेऱ्यांत आटोपला. त्याच आवृत्तीत बुडण्याचा नियम असा की दम संपला की माणूस बेशुद्ध होतो आणि त्याचा जीव शून्यावर येतो. आता जखमी होऊन मरणपंथाला लागलेला माणूस उणे आठवर असेल, तर? त्याचं डोकं बादलीत बुडवायचं. उणे आठचा शून्य होतो, म्हणजे प्रकृती सुधारली! शिवाय हजार-दोन हजार गावकरी रांगेत उभे करायचे आणि प्रत्येकानं हातातला बांबू पुढच्याला द्यायचा. नियमानुसार एक फेरी सहा सेकंदांची, आणि सगळ्यांनी आपापली पाळी त्याच फेरीत घ्यायची. बांबू सहा सेकंदांत मैल दोन मैल गेला. आता शेवटच्या गावकऱ्यानं तो ड्रॅगनवर सोडायचा. या युक्तीला खेळाडू 'गावकरी तोफ' अशा अर्थाच्या नावानं ओळखतात आणि तिच्यावर अजून चर्चा झडतात.

यातली एकही गोष्ट नियम कमी असल्यामुळे घडलेली नाही, हे लक्षात घ्या. 'बुडल्यावर काय होतं ते डीएम ठरवील' असं असतं, तर बादलीची कल्पना बोलणाऱ्यालाच लाजवून गेली असती. नियम जितका बारीक, तितकी त्याची जाळी मोठी. ज्यांनी प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलंय त्यांना हे समजावून सांगायला नको.

आमच्यात एक सीए आहे. त्याला आम्ही वकीलसाहेब म्हणतो, कारण सीए म्हटलं की तो फी मागतो. एकदा आमच्यातल्या एका मुलाला आपल्या पात्रासाठी दांडपट्टा हवा होता. साताऱ्याचा पोरगा, मागणी रास्त. पुस्तकात दांडपट्टा नाही. डीएम म्हणाला, "लाँगसोर्ड धर. एक आठ बाजूंचा फासा. पुढे चल."

"एक मिनिट," वकीलसाहेबांनी पुस्तक उघडलं. "लाँगसोर्ड दोन हातांनी धरली तर दहाचा फासा मिळतो. दांडपट्टा दोन हातांनी धरणार कसा?"

"नाही धरता येत," साताऱ्याचा म्हणाला. "पण हाताला पोलादी खोबळा असतो, पार कोपरापर्यंत. त्यामुळे हातातून उडवता येत नाही. त्याचं काहीतरी द्या."

"द्या? आणि दार कसं उघडणार? हात आत अडकलेला."

"दुसऱ्या हातानं."

"दुसऱ्या हातात ढाल आहे. शीटवर लिहिलंयस तू. जखमेवरचं औषध कोण पाजणार तुला? आम्ही?"

"शिवाजी महाराजांचे मावळे काय तहानलेले लढायचे?" साताऱ्याचा पेटला. मग खोबळा काढायला किती वेळ लागतो, तो लढाई चालू असताना काढता येईल का, आणि पट्टा लवचिक असतो की नसतो, यावर अर्धा तास गेला. एकानं मोबाइलवर मर्दानी खेळाचा व्हिडिओ लावला. बिचारा राक्षस तोवर दाराच्या पलीकडे कुऱ्हाड उगारून उभा होता. डीएमनं नंतर कबूल केलं की त्याला त्या राक्षसाची दया येऊ लागली होती.

पण खरं सांगतो, तो अर्धा तास फुकट गेला असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. शेवटी ठरलं की दांडपट्टा हातातून उडत नाही, पण दार लाथेनंच उघडायचं. तेव्हापासून तो मुलगा कुठल्याही राजवाड्यात गेला तरी दार लाथ मारून उघडतो. राजाच्या शयनगृहाचंसुद्धा. त्या एका लाथेनं त्याच्या पात्राला जेवढा स्वभाव मिळाला, तेवढा आम्ही लिहिलेल्या कुठल्याही जन्मकथेनं दिला नसता.

आता दुसऱ्या टोकाचे खेळ. 'हनी हाइस्ट' हा २०१७ चा खेळ एका पानावर मावतो. तुम्ही अस्वलं आहात आणि तुम्हाला मधावर दरोडा घालायचा आहे. प्रत्येकाला दोनच आकडे: अस्वलपणा आणि गुन्हेगारी. अस्वलपणा सहावर गेला की तुमचं भान सुटतं, गुन्हेगारी सहावर गेली की तुम्ही कायमचे गुन्हेगार. 'लेझर्स अँड फीलिंग्ज' त्याहून कंजूस: दोन ते पाचमधला एक आकडा निवडायचा, अंतराळातली शंभर कामं त्यावरच. 'ड्रेड' या भयकथेच्या खेळात तर फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांचा जेंगाचा मनोरा मधे ठेवायचा, काही अवघड करायचं असेल तर एक ठोकळा उपसायचा. मनोरा पडला की तुमचं पात्र गेलं. घाबरलेल्या माणसाचे हात थरथरतात, आणि इथे नियमच तुमच्या हातांत उतरलेला असतो. दहा पानांच्या कोष्टकानं हे साधलं नसतं.

पण 'हनी हाइस्ट'च्या त्या एका पानावर आणखी एक कोष्टक आहे: तुमच्या अस्वलानं कोणती टोपी घातली आहे. जागा नाही, नियम नाहीत, लढाई कशी करायची याचा पत्ता नाही, पण टोपी फासे टाकून ठरवायची. मला वाटतं, काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या टोपीत आहे. नियम जगाचं वर्णन करत नसतात. या खेळात कशाकडे बघायचं, ते बोट दाखवून सांगत असतात. इटालियनांच्या पास्त्याचा नियम सांगतो की ही लढाई रसद पोचवण्याची आहे. कासव सांगतं की तलवार हे जोखमीचं काम आहे. टोपी सांगते की फार विचार करू नका.

उरलेलं अर्धं उत्तर आपल्याकडे फार आधी लिहून ठेवलंय. महाभारतात फाशांपाशी बसलेले लोक पाहा. डाव लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी. युधिष्ठिर म्हणतो, एकाच्या वतीनं दुसऱ्यानं खेळणं मला बरोबर वाटत नाही. हरकत नोंदवतो आणि खेळायला बसतो! पुढे द्रौपदी भर सभेत विचारते की त्यांनी आधी स्वतःला हरवलं की मला. हा प्रश्न म्हणजे पोकळ वकिली नव्हती. स्वतःला हरलेल्या माणसाला पणाला लावायला काही उरतं का, याचा नियमच कुणी केलेला नव्हता. आणि पंचाच्या जागी बसलेले भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे, मला सांगता येत नाही. इथे हसू थांबतं. नियम नाही आणि पंचही निकाल देत नाही, अशा पटावर किंमत मोजतो तो सगळ्यांत कमी ताकदीचा माणूस. भीमाची गोष्ट याच्या उलट. गदायुद्धात नाभीखाली मारायचं नाही, नियम स्वच्छ. त्यानं दुर्योधनाच्या मांडीवर घाव घातला, श्रीकृष्णानं प्रतिज्ञेची आणि शापाची आठवण देऊन तो पदरात घेतला. बलरामाला पटलं नाही. तो सरळ द्वारकेला निघून गेला. डीएमचा निर्णय न पटल्यामुळे टेबल सोडून गेलेला हा बहुधा पहिला नोंदलेला खेळाडू.

आमच्या टेबलावरही कमी ताकदीचं माणूस असतं. एक मुलगी आहे, चार वाक्यांत रात्र काढणारी. तिचं पात्र मात्र भाट: गाणारं, बोलघेवडं, राजांना पटवणारं. मन वळवण्याचा तिचा आकडा शीटवर दणदणीत आहे. एका पहारेकऱ्याला फोडायचं होतं. आमच्यातल्या एका वक्त्यानं पाच मिनिटं भाषण केलं, त्यात पहारेकऱ्याची आई, तिचं आजारपण, सगळं आलं. फासा पडला तीन. मग ही मुलगी म्हणाली, "मी पण विचारते." फासा एकोणीस. डीएम म्हणाला, पहारेकऱ्यानं किल्ल्या काढून दिल्या. वक्ता चिडला, "अरे, ती काही बोललीसुद्धा नाही!" वकीलसाहेबांनी पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं, "तू उचलतोस का खरी कुऱ्हाड?"

त्या दिवशी मला वकीलसाहेब आवडले. हात लुळे असलेल्याला कुऱ्हाड चालवायला आकडा मिळतो, तर जीभ अडखळणाऱ्याला राजा पटवायला का मिळू नये? नियम नसले की खेळ मोकळा होतो म्हणतात. तो ज्याचा आवाज मोठा त्याच्यासाठी मोकळा होतो.

तेव्हा नियम किती बारीक असावेत, याचं माझं मोजमाप सोपं आहे. ज्या भांडणात मजा नाही, तिथे नियम हवा. बाण लागला की नाही, यावर 'लागला', 'नाही लागला' करत बसण्यात कुणाला रस नाही, आणि त्यात मोठ्यानं ओरडणारा जिंकतो. तिथे फासा टाका, मोकळे व्हा. ज्या भांडणात मजा आहे, तिथे नियम नको. दांडपट्ट्यानं दार कसं उघडायचं हे पुस्तकात छापलेलं असतं, तर आम्हाला ती लाथ मिळाली नसती. आता कुठलं भांडण कुणाला मजेचं वाटेल, हे टेबलागणिक बदलतं. एखाद्या टेबलाला पास्त्याचं पाणी मोजण्यातच परमानंद असेल. असो बापडा. दीड हजार तास ते कुणाच्या वाटेला जाणार नाहीत, हाही समाजाचा फायदाच.

याच तत्त्वावर आम्ही घरचे नियम एका वहीत लिहायला घेतले. फासा टेबलाखाली गेला तर पुन्हा टाकायचा, मग खाली वीस का पडलेला असेना. 'मी आधीच म्हणालो होतो' हे फासा पडायच्या आधी निदान दोघांना ऐकू आलेलं असलं पाहिजे. गैरहजर खेळाडूच्या पात्राचं सोनं वाटून घ्यायचं नाही. खेळाडूनं घोड्याला नाव दिलं असेल तर डीएमनं त्या घोड्याला मारायचं नाही. प्रत्येक ओळीमागे एकेक शनिवार खर्ची पडलेला. वही फुगत चालली, तशी डीएमला भीती वाटू लागली की आपणही ५९२ पानांकडे निघालो. म्हणून त्यानं शेवटचा नियम घातला: यापुढे ज्याला नवा नियम हवा असेल, त्यानं सगळ्यांना भजी आणावी.

उपाय नामी होता. पुढच्या शनिवारी वकीलसाहेब पिशवी घेऊन आले आणि पिशवीतून निघाले बटाटेवडे. त्यांचं म्हणणं, बेसनात बुडवून तळलेलं ते सगळं भजीच. बराच वेळ खल झाला, वडे गार होऊ नयेत म्हणून मधे खाऊनही झाले, आणि पुरावाच नष्ट झाल्यामुळे निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आता त्या नियमाला तीन पोटकलमं आहेत: (अ) भजीत बटाटेवडा धरावा, कोथिंबीरवडी धरू नये, (ब) माणशी दोन नग, डीएमला तीन, (क) हिरवी चटणी विसरल्यास सुचवलेला नियम आपोआप रद्द समजावा. यातल्या (अ)वर साताऱ्याच्या मुलानं लेखी हरकत घेतली आहे, पण हरकत हा नवा नियम धरायचा की नाही हे ठरेपर्यंत भजी कुणी आणायची, यावर सुनावणी चालू आहे.